'फुल इन्शुरन्स' आहे, मग खिशातून पैसे का गेले?

गेल्या महिन्यात याच सदरात म्हटलं होतं की गाडीच्या विम्याबद्दल काही अडलं असेल तर बिनधास्त पाठवा, आणि तुम्ही पाठवलंतही, इतकं की सगळी पत्रं वाचायला दोन रविवार गेले. निम्म्याहून जास्त पत्रांत एक शब्द सारखा येतोय: 'फुल इन्शुरन्स'. मी बावीस वर्षं सर्व्हेअर, म्हणजे क्लेमसाठी गाडीचं नुकसान तपासणारा माणूस, म्हणून ठोकलेल्या गाड्यांभोवती फेऱ्या मारल्यात, हजारो पॉलिसी चाळल्यात, पण 'फुल इन्शुरन्स' नावाची पॉलिसी अजून एकदाही हातात आलेली नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: माझी गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसी. पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि मी मागून आदळलो. फुल इन्शुरन्स आहे, गॅरेजपण कॅशलेसवालं होतं, तरी ६२,००० च्या बिलातले १८,५०० मलाच भरायला लावले. कॅशलेस म्हणजे फुकट ना? ही सरळसरळ फसवणूक आहे.

तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण नुसत्या रागावर उत्तर देता येत नाही, बिलावर देता येतं. फसवणूक नाहीये. कॅशलेसचा अर्थ एवढाच की कंपनीच्या वाट्याचे पैसे कंपनी थेट गॅरेजला देते, तुमचा वाटा तुम्हालाच द्यावा लागतो. आणि तुमचा वाटा कुठून आला ते बघा.

बंपर १४,००० चा. तो प्लॅस्टिकचा, आणि प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर, एअरबॅग यांच्या किमतीतून सरसकट ५० टक्के डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, कापला जातो, मग गाडी शोरूममधून कालच बाहेर पडलेली का असेना. ७,००० तिथेच गेले. हेडलॅम्प १०,००० चा, तोही आजकाल प्लॅस्टिकचाच, म्हणून ५,००० गेले. बॉनेट १२,००० चं, ते पत्र्याचं, आणि पत्र्याचा घसारा गाडीच्या वयावर असतो: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, मग दरवर्षी १०, १५, आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५. म्हणजे आणखी ३,०००. पुढची काच ९,००० ची, काचेला घसारा नसतो, ती पूर्ण मिळाली. पेंटचे ८,०००, त्यातला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्या मटेरियलच्या निम्मे कापतात, म्हणजे १,०००. मजुरी ७,५०० पूर्ण मंजूर. कूलंट, क्लिपा, नटबोल्ट मिळून १,५००, याला कन्झ्युमेबल्स म्हणतात, ते साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. आणि शेवटी १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला पहिले तेवढे पैसे मालकाचेच, १५०० सीसीच्या वर गाडी असली तर २,०००.

आता बेरीज करा. सात, पाच, तीन, एक, दीड, एक. साडेअठरा हजार, तुमच्या बिलाशी रुपया जुळतो.

तुमच्या पॉलिसीवर 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लिहिलंय, त्यालाच एजंट लोक 'फुल' म्हणतात. म्हणजे काय तर दोन पॉलिसी एका पिशवीत. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते. (पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी, आणि तिसरा तो बिचारा ज्याला तुम्ही धडकलात.) ही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीची आहे. त्यात माणूस दगावला किंवा जखमी झाला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा. दुसरी ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी, ही ऐच्छिक. आणि तुम्ही जे १८,५०० भरलेत ते या दुसऱ्या भागातून कापलेले आहेत. झिरो डेप नावाची पुरवणी घेतली असती तर घसाऱ्याचे १६,००० वाचले असते आणि खिशातून अडीच हजारच गेले असते. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला झिरो डेप आरामात मिळतं, नंतर काही कंपन्या देतात काही नाही, आणि वर्षातून किती वेळा वापरता येईल त्यावरही बंधन असतं, ते घेतानाच विचारून ठेवा. माझं मत विचाराल तर नवीन गाडीला झिरो डेप घ्याच, कारण आताच्या गाड्यांना बाहेरून हात लावाल तिथे प्लॅस्टिक आहे.

तुमच्या पुढच्या टेम्पोचं काही नुकसान झालं असेल आणि तो मागे लागला तर तुमच्या कंपनीला लगेच लेखी कळवा, परस्पर 'देतो देतो' म्हणून कबूल करू नका. कबुली तुम्ही द्यायची आणि पैसे कंपनीने, असं चालत नाही, पॉलिसीच्या अटींतच ते लिहिलेलं असतं.

प्रश्न: गाडी भाचा चालवत होता, वय २१, लायसन्स आहे. पॉलिसी माझ्या नावावर. ओळखीचा एकजण म्हणतो क्लेम फॉर्मवर 'मीच चालवत होतो' असं लिहा, नाहीतर रिजेक्ट होईल. काय करू?

मामा, तसलं काही करू नका. त्या ओळखीच्या माणसाने तुम्हाला चांगल्या क्लेममधून उचलून वाईट क्लेममध्ये टाकायचा बेत केलाय.

पॉलिसीत ड्रायव्हर्स क्लॉज असतो. त्यात म्हटलेलं असतं की मालकासह कोणीही चालवू शकतं, अट एवढीच की अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं. भाचा, शेजारी, ऑफिसातला मित्र, कोणीही. अगदी शिकाऊ लायसन्सवालाही चालतो, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीला 'एल'ची पाटी, असे नियम पाळलेले असले तरच. म्हणजे तुमचा भाचा चालवत होता यात लपवण्यासारखं काहीच नाहीये.

एक प्रसंग सांगतो. एका गाडीच्या सर्व्हेला गेलो होतो, फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून मालकाचं नाव, मालक समोर उभे, सहा फुटाला इंच दोन इंच कमी असतील. मी सवयीने ड्रायव्हरच्या दारातून आत डोकावलो तर सीट इतकी पुढे ओढलेली की हे गृहस्थ बसले असते तर गुडघे स्टिअरिंगला टेकले असते, आणि आतला आरसा पार खाली वाकवलेला. मी काही बोललो नाही, नुसतं म्हटलं, साहेब जरा बसून दाखवता का. ते बसलेच नाहीत. पाच मिनिटांनी म्हणाले, मिसेस चालवत होत्या. मिसेसकडे लायसन्स होतं, बारा वर्षांपासून! सरळ लिहिलं असतं तर क्लेम कुठेही न अडकता पास झाला असता, आता मात्र मला रिपोर्टमध्ये लिहावं लागलं की ड्रायव्हरबद्दल चुकीची माहिती दिली, आणि मग पुढचे कितीतरी महिने त्यांचं आणि कंपनीचं पत्रयुद्ध. हॉस्पिटलचे कागद, पोलिसांची नोंद, रस्त्यावरचे सीसीटीव्ही, हे सगळं नंतर जुळवून बघतात, आणि खोटं सापडलं की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

हां, लायसन्स नसलेला चालवत असेल, दारू घेऊन चालवत असेल, किंवा खासगी नंबरची गाडी भाड्याने फिरत असेल तर ओन डॅमेज विसरा.

प्रश्न: साठलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. मी तीन-चार वेळा चावी फिरवली, नाही सुरू झाली. आता गॅरेज म्हणतं इंजिन गेलं आणि कंपनी म्हणते इंजिन कव्हर नाही. पुरामुळे झालेलं नुकसान कव्हर आहे असं पॉलिसीत छापलंय!

छापलंय ते खरंच आहे, पूर हा ओन डॅमेजमध्ये येतोच. सीटा, कार्पेट, वायरिंग, पाण्याने जे जे गेलं ते सगळं मागा. घोडं पेंड खातं ते इंजिनापाशी.

इंजिनात पिस्टन हवा आणि इंधन दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. गाडी पाण्यात बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं, आणि मग तुम्ही स्टार्टर मारला की पिस्टन जोरात वर जातो, वर पाणी, ते हलत नाही, मग काय वाकणार तर पिस्टनचा दांडा. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. कंपनीचं म्हणणं असं की पाण्यात गाडी बंद पडली इथपर्यंत अपघात, पण दांडा वाकला तो चावी फिरवल्यामुळे, म्हणजे ते नंतरचं ओढवून घेतलेलं नुकसान, आणि तसलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. 'इंजिन प्रोटेक्ट' ही पुरवणी याचसाठी असते. तुमच्या शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या ज्या पानावर तुमचं नाव, गाडी नंबर आणि प्रीमियमचा हिशोब असतो तिथे, ती दिसत नाहीये.

तरी हातपाय गाळू नका. सर्व्हेअरचा रिपोर्ट लेखी मागून घ्या आणि त्यात इंजिन उघडून बघितलंय का, दांडा वाकलेला दिसलाय का ते वाचा. इंजिन न उघडताच 'पाणी गेलं असणार' म्हणून नाही म्हटलं असेल तर भांडायला जागा आहे. बाकीच्या वाचकांसाठी: पाण्यात गाडी बंद पडली की चावीला हात लावायचा नाही, ढकलायची, टो करायची, बॅटरीची वायर काढायची आणि कंपनीला फोन.

प्रश्न: नुसता डेंट आहे, ६,००० सांगतायत. क्लेम करू का? नो क्लेम बोनस ५० टक्के आहे.

नको करू. बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची टक्केवारीतली सूट, फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, आणि तो २०, २५, ३५, ४५, ५० असा दर क्लेमविरहित वर्षाला चढतो. एक क्लेम केला की थेट शून्य. समज ओन डॅमेजचा प्रीमियम १०,००० आहे आणि तोच राहिला, तर पुढच्या वर्षी ५,००० जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी ३,०००, मग २,५००, मग १,५००, मग ५००. परत ५० वर पोचेपर्यंत साडेबारा हजार गेले. सहा हजारांच्या डेंटसाठी, त्यातही घसारा आणि डिडक्टिबल कापून हातात किती पडणार होते? प्रीमियम गाडीच्या वयाबरोबर उतरतो म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल, पण हिशोबाची दिशा तीच.

आणि बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकलीस तर कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घे, तीन वर्षांत नवीन गाडीला लागू होतं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र बोनस गेला.

प्रश्न: हायवेला मागून एका गाडीने ठोकलं. तो म्हणाला मिटवून टाकू, पाच हजार घ्या. मी घाबरून घेतले आणि निघून आले. घरी येऊन बघते तर डिकी बंदच होत नाहीये आणि आईची मान दुखतेय. आता कोणाकडे जायचं? क्लेम कळवायचा म्हणजे नेमकं काय काय करायचं ते कोणी नीट सांगतच नाही.

ताई, आधी आईंना डॉक्टरकडे न्या आणि कागद करून घ्या, गाडी दोन दिवस तशीच राहिली तरी बिघडत नाही. त्या कागदावर दुखणं अपघातानंतर सुरू झालं हे लिहिलेलं हवं, तारखेसकट.

आता पैसे घेतल्याचं. तुम्ही काही लिहून दिलंय का? 'माझी काही तक्रार नाही' अशी सही दिली असेल तर त्याच्यावर दावा करणं अवघड होईल. नुसते हातात पाच हजार घेतले असतील तर तुमच्या कंपनीला कळवताना तेही सांगा, लपवू नका. तुमच्या गाडीचं नुकसान तुमच्याच ओन डॅमेजमधून घ्या, चूक त्याची असली तरी. लोकांना हे पटत नाही, मलाही सुरुवातीला पटायचं नाही, पण समोरच्याच्या थर्ड पार्टीतून स्वतःच्या डिकीचे पैसे काढायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि डिकीसाठी तारखांवर तारखा कोण घालवणार. आईंचं दुखणं मोठं निघालं तर मात्र तिथेच जायचं, ते न्यायाधिकरण मुळात त्यासाठीच आहे, आणि मग पोलिसांत नोंद लागेल. म्हणून ती आजच करा. उशीर झालाय, पण का झाला ते लिहून द्या.

आणि कळवायचं कसं. पॉलिसीवर टोल फ्री नंबर असतो, फोन करा, ॲपवरून केलंत तरी चालेल, क्लेम नंबर मिळेल तो जपून ठेवा. गाडी कधी, कुठे, कोण चालवत होतं, काय झालं, समोरच्या गाडीचा नंबर, कोणाला लागलं का. हे एकदा लेखीही पाठवा, मेल चालेल. माणूस जखमी झाला असेल तर त्याला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना सांगायचं आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं हे कायद्याच्या कलम १३४ मध्येच ड्रायव्हरचं काम म्हणून सांगितलंय. वर्णन लिहिताना जेवढं घडलं तेवढंच. 'बहुतेक माझा वेग जास्त असावा' असले अंदाज लोक भिडेपोटी लिहितात आणि तेच वाक्य पुढे फाइलभर फिरत राहतं.

फोटो काढायचे ते गाडी हलवायच्या आधी, ते सुरक्षित असेल तर. दोन्ही नंबरप्लेट एका फोटोत, मग चारही कोपऱ्यांतून, मग नुकसान जवळून, आणि एक लांबून ज्यात रस्ता दिसेल. तुमच्या वेळी हे झालं नाही, ठीक आहे, आता डिकीचे काढा, समोरच्या गाडीचा रंग बंपरला लागलेला असेल तर तो नक्की काढा. आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि गॅरेजचं एस्टिमेट एवढं तयार ठेवा, पण सर्व्हे झाल्याशिवाय गॅरेजला पार्ट खोलू देऊ नका.

विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं, २०२४ चं मास्टर सर्क्युलर आहे, त्याप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने हो किंवा नाही सांगायचं. कस्टमर केअरवाला 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाला की हे तीन आकडे त्याला शांतपणे ऐकवा. नुकसान ५०,००० च्या आत असेल तर सर्व्हेअर लागतोच असं नाही, फोटो-व्हिडिओवरही काम होतं.

प्रश्न: एजंट म्हणतो आयडीव्ही कमी करा, प्रीमियम कमी होईल.

होईल की. आणि गाडी चोरीला गेली की पैसेही कमी मिळतील. आयडीव्ही म्हणजे कंपनीने मान्य केलेली गाडीची किंमत: वर्ष ते दोन वर्षांच्या गाडीला शोरूम किमतीतून २० टक्के वजा, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात ५०. चोरी झाली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस धरतात आणि हीच रक्कम हिशोबाला घेतात. हजार-दीड हजारासाठी लाखाची किंमत उतरवू नका.

प्रश्न: जुनी गाडी घेतली, आरसी माझ्या नावावर झाली, पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. चालेल ना?

थर्ड पार्टी भाग कायद्याने तुमच्याकडे आपोआप आला, कलम १५७. ओन डॅमेज आला नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. तुम्ही पत्रात गाडी घेतल्याची तारीख लिहिली नाहीये, त्यामुळे मला जरा धास्तीच वाटतेय. आज करा. आणि सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर तेही आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे चढवून घ्या.

प्रश्न: क्लेम रिजेक्टचं पत्र आलं. वकील करू का?

लगेच नको. आधी पत्रात कुठलं कलम लिहिलंय ते बघा, कलम नसेल तर लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. पत्र आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा, पाकिटावर पोस्टाची तारीख असते.

प्रश्न: सर्व्हेअर उद्या येणार आहेत. गाडी धुऊन ठेवू का?

अजिबात नको! दरवाजावरची चिखलाची रेघ बघूनच आम्हाला कळतं पाणी कुठवर चढलं होतं, आणि समोरच्या गाडीचा रंग तुमच्या बंपरला लागलेला असतो तो धुतला की गेला. आहे तशी ठेवा, फक्त चावी आणि आरसी हाताशी असू द्या.